तहसील, महसूल, हशील: अरबी क्रियापदांचं पुस्तक हाताळायचं कसं

रावेर-सावद्याच्या पट्ट्यात एका केळीच्या पॅकहाउसमध्ये मी कागदपत्रं सांभाळतो. माल आखातात जातो. तिकडचे व्यापारी इंग्रजी जाणतात, पण घाईत असले की व्हॉट्सअ‍ॅपवर अरबीतच दोन ओळी टाकून मोकळे होतात. त्या दोन ओळींपायी मी अरबीच्या नादी लागलो. क्लास लावायला सवड नव्हती. एक सुरुवातीचं पुस्तक आणलं आणि दुसरं क्रियापदांच्या तक्त्यांचं, पानोपानी एकेक क्रियापद चालवून दाखवलेलं. हे दुसरं पुस्तक वर्षभर धूळ खात पडलं, कारण मी ते पहिल्या पानापासून पाठ करायला बसलो होतो. रेल्वेचं वेळापत्रक कोणी पाठ करतं का? भुसावळला गाडी बदलायची असते तेव्हा आपण नेमकं ते पान काढतो. या पुस्तकाचंही तसंच आहे. उघडायचं कुठे आणि बघायचं काय, एवढं जमलं की पुस्तक आपलं. ते जमेपर्यंतची वाट खाली सांगतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पुस्तकात असते ती फुस्हा, म्हणजे लिहिण्या-वाचण्याची अरबी. बाजारात बोलतात ती वेगळी. ‘मला हवंय’ हे फुस्हात ‘उरीदु’, आखातात ‘अबी’ नाहीतर ‘अब्ग़ा’. तुम्हाला नुसतं टॅक्सीवाल्याशी बोलायचं असेल तर हा लेख सोडून द्या, काही बिघडत नाही. बातम्या, बिलं, करार वाचायचे असतील किंवा कुराण समजून घ्यायचं असेल, तर क्रियापदांचे नियम जवळपास हेच.

लिपीला पंधरा-वीस दिवस द्याच

अक्षरं २८. उजवीकडून डावीकडे लिहायची, एकमेकांना जोडून. त्यातली ६ अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत, एवढंच लक्षात ठेवायचं. ऱ्हस्व अ-इ-उ सहसा लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्याने भरायचे. शिकणाऱ्यांच्या पुस्तकात मात्र ते अक्षरांच्या वर-खाली खुणांनी दिलेले असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करावी.

माझी पहिली चूक इथलीच. मी अख्खी वही देवनागरीत भरली. ‘त्याने लिहिलं’ याला अरबीत क-त-ब, तिन्ही अक्षरं पूर्ण उच्चारून. ‘कतब’ लिहावं तर आपण मराठी माणसं शेवटचा ‘अ’ गिळतो. तो गिळू नये म्हणून ‘कतबा’ लिहावं, तर त्याचा अर्थ होतो ‘त्या दोघांनी लिहिलं’. ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा; नुक्ता (अक्षराखालचं टिंब) विसरलात की संपलं. आणि ‘हजर’, ‘नजर’, ‘मजकूर’, ‘जमा’ या चारही शब्दांत आपण एकच ‘ज’ लिहितो, अरबीत ती चार वेगळी अक्षरं आहेत. देवनागरीतून कोशात शब्द शोधायला गेलात तर चारपैकी तीन वेळा चुकीच्या दारावर टकटक होते. या लेखात मला देवनागरीशिवाय इलाज नाही. तेव्हा क्रियापद वाचताना शेवटचा ‘अ’ पूर्ण म्हणा. जिथे पाय मोडलाय तिथेच थांबा.

उच्चार मात्र पुस्तकातून येत नाहीत. आपल्याकडे त्याची सोय आहे. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुव्याला मोठी जामिया (मोठा मदरसा) आहे, आणि मदरशात शिकलेली माणसं खानदेशात गावोगाव भेटतात. आमच्या गावातल्या मौलानांकडे मी चार शुक्रवार नुसती ‘ऐन’ आणि ‘हा’ ही घशातली अक्षरं म्हणायला गेलो. पाचव्या शुक्रवारी ते म्हणाले, “भाऊ, घसा आता तयार आहे, पुढचं पुस्तक करेल.”

तहसील कचेरीच्या पाटीपाशी थांबा

अरबी शब्दाचा गाभा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. त्याला आपण मूळ म्हणू. मूळ तेच राहतं. त्याच्या पुढे-मागे-मध्ये स्वर आणि ठरावीक अक्षरं घालून शब्द होतात. हे पुस्तकात दहा पानं समजावलेलं असतं आणि तरी डोक्यात शिरत नाही. मला ते तहसील कचेरीत, उताऱ्याच्या रांगेत उभं असताना कळलं. समोर पाटी होती. ‘महसूल’ आणि ‘तहसील’, दोन्ही शब्दांत ह-स-ल. मिळवणं, गोळा करणं हा त्या मुळाचा अर्थ. गोळा करण्याची क्रिया ती तहसील. जे गोळा झालं ते महसूल. आणि रांगेतला म्हातारा म्हणत होता, “दोनदा आलो, काय हशील?” हशीलही तिथलंच: हासिल, म्हणजे जे हाती आलं ते.

शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश करून दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी कचेरीतले कितीतरी शब्द तिथेच ठाण मांडून बसले. शिकणाऱ्याला ते फुकटात मिळालेलं भांडवल आहे. नजर, कोर्टातले नाझर, मंजूर, इंतजार: चौघांचं मूळ न-ज़-र, बघणं. नाझर बघणारा, मंजूर बघितलेलं. ‘फ़ाइल’ (अरबीत ‘करणारा’) हा करणाऱ्याचा साचा, म्हणजे मुळात स्वर-अक्षरं बसवायची ठरलेली चाल: हजर (हाज़िर), दाखल (दाख़िल), जामीन, आणि आपला पोवाडेवाला शाहीरसुद्धा, मूळचा ‘शाइर’. ‘मफ़ऊल’ हा केलेल्या वस्तूचा साचा: महसूल, मजकूर, मंजूर, मजबूत. पहिल्या आठवड्यात एवढंच करा. घरात, कचेरीत, सातबाऱ्यावर असे शब्द दिसले की वहीत टिपा आणि त्यातली तीन अक्षरं वेगळी काढा. पन्नास शब्द सहज होतात. फक्त फारसीतून आलेले बाजूला ठेवा: फिर्याद, जमीन, दरबार यांत तीन अक्षरांचं मूळ शोधत बसू नका.

आता पुस्तकाचं एक पान उघडा

पानाच्या डोक्यावर मूळ असतं आणि शेजारी क्रियापदाच्या साच्याचा क्रमांक, बहुतेक पुस्तकांत रोमन आकड्यात (एका मुळाचे असे दहा साचे, ते पुढे येतीलच). त्याखाली रकाने. पहिला रकाना भूतकाळाचा. अरबीत त्याला ‘माज़ी’ म्हणतात. हो, ‘माजी आमदार’मधला माजी तोच.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना इथे घरी आल्यासारखं वाटेल. धातू चालवायचा, तीन पुरुष, तीन वचनं, द्विवचनसुद्धा. आणि तक्ता ‘मी’पासून सुरू होत नाही, ‘तो’पासून होतो, संस्कृतात ‘पठति’ आधी येतं तसा. कारण साधं आहे: ‘त्याने लिहिलं’ हे रूप सगळ्यांत उघडं, त्याला शेपूट नाही. म्हणूनच कोशातही ‘लिहिणे’ शोधायचं तर ‘कतब’ शोधावं लागतं. मदरशाच्या पद्धतीत एका रकान्यात १४ रूपं धरतात आणि ती एका सुरात म्हणतात. बहुतेक इंग्रजी पुस्तकांत १३ असतात, कारण ‘तुम्ही दोघे’ आणि ‘तुम्ही दोघी’ यांचं रूप एकच आहे.

१४ पैकी सुरुवातीला सहा पुरेत: कतब (तो), कतबत् (ती), कतब्त (तू), कतब्तु (मी), कतबू (ते), कतब्ना (आम्ही). द्विवचन वाचताना ओळखू आलं तरी पुष्कळ.

दुसऱ्या रकान्यापासून नवखे गोंधळतात. वर्तमानकाळ तीन-तीनदा का दिलाय? रूपं तर जवळजवळ सारखीच दिसतात: यक्तुबु, यक्तुब, यक्तुब्. फरक शेवटच्या स्वराचा, आणि तो ठरतो आधी कोणता शब्द आलाय त्यावर. ‘ला यक्तुबु’ म्हणजे तो लिहीत नाही. ‘लन यक्तुब’ म्हणजे तो लिहिणार नाही. ‘लम यक्तुब्’ म्हणजे त्याने लिहिलं नाही. रूप वर्तमानाचं, अर्थ भूतकाळाचा. तिन्ही रकाने तीन नकारांचे आहेत असं धरून चाला. ते तेवढ्यापुरतेच नाहीत, पण पहिले सहा महिने एवढं धरलं तर अडत नाही.

शेवटी करणारा, केलेलं आणि क्रियेचं नाम (मसदर) यांची रूपं असतात. ही वाचायला विसरू नका, कारण तुम्हाला आधीपासून येत असलेले शब्द तिथेच दडलेले असतात.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. क्रियापद एकटं पाठ करू नका, तिघं मिळून करा: कतब, यक्तुबु, किताबा. जलस, यज्लिसु, जुलूस (बसला, बसतो, बसणं, मजलिस इथलीच). शरिब, यश्रबु, शुर्ब (प्यायला, पितो, पिणं). मधला स्वर कुठे उ, कुठे इ, कुठे अ. तो कोणता हे आधी सांगता येत नाही, पाठच करावं लागतं. सुदैवानं ही भानगड फक्त पहिल्या साच्यात आहे. दुसऱ्यापासून पुढे सगळं रुळावरून चालतं.

दहा साचे, आणि मी केलेला घोळ

एकाच मुळाचे पुढचे साचे अर्थ वळवतात: करवणं, एकमेकांशी करणं, स्वतःवर ओढून घेणं, मागणं. रोमन आकडे घोकण्यापेक्षा प्रत्येक आकड्याला एक मराठी शब्द बांधून ठेवा. मी असे बांधले. दुसरा साचा तहसीलचा: तपशील, तालीम, तजवीज, तसबीर, तारीख, सगळे त्याच चालीचे. तिसरा मुकाबल्याचा, मामला, मुशायरा त्यातच. चौथा इनामाचा; इन्कार, इन्साफ, इशारा, इरादा. पाचव्याला मी गझलेतला तखल्लुस, म्हणजे कवीचं टोपणनाव, धरला. सहावा तफावत. सातवा इन्कलाब. आठवा अखत्यार, ‘माझ्या अखत्यारीत नाही’मधला. नववा रंगांचा आहे, लाल होणं, पिवळं होणं, क्वचित भेटतो. दहावा इस्तेमाल. एकदा ही यादी डोक्यात बसली की पुस्तकातला आकडा बघून तुम्हाला साचा ऐकू येतो.

एक मूळ सगळ्या साच्यांतून फिरवून बघा, म्हणजे पुस्तक का घेतलं ते कळेल. क़-ब-ल घ्या. पहिला, क़बिल: कबूल केलं. तिसरा, क़ाबल: समोरासमोर आला, भेटला; मुकाबला त्यावरून. चौथा, अक़्बल: जवळ आला. सहावा, तक़ाबल: ते एकमेकांसमोर आले. दहावा, इस्तक़्बल: पाहुण्याचं स्वागत केलं. दुसरा मुद्दाम मागे ठेवला. क़ब्बल म्हणजे चुंबन घेतलं.

आता घोळ. एका व्यापाऱ्याचा दर आम्हाला परवडला. ‘तुमचा प्रस्ताव मान्य आहे’ हे मी हौसेनं अरबीत, आवाजी निरोपात पाठवलं. म्हणायचं होतं ‘क़बिल्तु अर्ज़कुम’ (आपला ‘अर्ज’ तो हाच). मी ‘ब’वर जोर दिला आणि म्हणालो ‘क़ब्बल्तु’. मी तुमच्या प्रस्तावाचा मुका घेतला. लिहून पाठवलं असतं तर वाचलो असतो, कारण खुणा न देता दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. तिकडून हसण्याचे चेहरे आले आणि सौदा झाला. तेव्हापासून बोलण्याआधी मी साच्याचा आकडा बघतो.

मूळ काढताना लागणाऱ्या ठेचा

पुस्तक मुळाच्या क्रमानं लावलेलं असतं, चांगले अरबी कोशही तसेच. हान्स वेअरचा कोश बहुतेक विद्यार्थी वापरतात, त्यातही मूळ काढल्याशिवाय शब्द सापडत नाही. म्हणजे खरं कसब सोलण्यात आहे. पुढचे य-त-न-अ काढा, मागचे ऊन-आन-तुम काढा, मग साच्याची अक्षरं काढा, उरतील ती तीन.

पण सोलताना गर जाऊ नये. इन्साफ, इन्कलाब, इंतजार, तिन्हींत सुरुवातीला ‘इन्’. इन्साफमधला ‘न’ मुळाचा (न-स-फ). इन्कलाबमधला वरून लावलेला (क़-ल-ब, उलटणं, हृदयाचा क़ल्ब याच मुळाचा). इंतजारमध्ये ‘न’ मुळाचा आणि ‘त’ वरचा. तीन शब्द, तीन वेगळे साचे. हे तिन्ही कागदावर स्वतः सोडवून बघा, अर्धा तास जाईल, पण पुढे महिने वाचतील.

दुसरी ठेच दुबळ्या अक्षरांची. मुळात ‘व’ किंवा ‘य’ असला की तो कुठे विरघळतो, कुठे गळून पडतो. ‘क़ाल’ म्हणजे तो म्हणाला. यात ‘व’ कुठे आहे? दिसत नाही. ‘क़ुल्तु’, मी म्हणालो, यात तर दोनच अक्षरं उरली. पण आपल्या ‘कौल’मध्ये तो ठणठणीत उभा आहे: क़-व-ल. असंच मुक्काम आणि कायम: मूळ क़-व-म. ‘बाकी’तला शेवटचा ‘य’ भूत-वर्तमानाच्या रूपांत कधी दिसतो, कधी लपतो. ‘वसूल’चं मूळ व-स-ल, पोचणं, ‘वसल’ म्हणजे पोचला, पण पोचतो म्हणायचं तर ‘यसिलु’, पहिला ‘व’ गायब.

म्हणून नियम असा: सोलून दोनच अक्षरं हाती आली तर चार जागी शोधा. सुरुवातीला व धरून, मध्ये व किंवा य धरून, शेवटी व किंवा य धरून, आणि तरी नाही सापडलं तर दुसरं अक्षर दुप्पट धरून. मला पाचव्या जागी जायची वेळ क्वचितच आली. आणि अशा क्रियापदांचे तक्ते पुस्तकात पूर्ण बघा. सरळ क्रियापदाचा एक तक्ता पाठ झाला की बाकीची सरळ क्रियापदं आपोआप येतात. पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते दुबळ्यांवर.

आपल्या लोकांच्या ठरलेल्या चुका

‘बाबांनी चिठ्ठी लिहिली.’ मराठीत भूतकाळी क्रियापद चिठ्ठीमागे गेलं, बाबा बाजूला राहिले. अरबीत क्रियापद कर्त्याला कधी सोडत नाही. चिठ्ठी (रिसाला) तिथेही स्त्रीलिंगी आहे, म्हणून आपल्या जिभेवर ‘कतबत्’ येतं; हवं असतं ‘कतब’. मी ही चूक वर्षभर केली, कोणी सांगेपर्यंत.

‘आहे’ शोधू नका. मराठीत ‘तो मास्तर आहे’, आपल्या अहिराणीत ‘तो मास्तर शे’, अरबीत नुसतं ‘तो मास्तर’: हुव मुअल्लिम.

क्रियापद आधी आलं तर कर्ते अनेक असले तरी ते एकवचनीच: वसल अल्-उम्मालु, मजूर आले. कर्ता आधी आला की मग अनेकवचन: अल्-उम्मालु वसलू. आणि माणसं सोडून इतर वस्तूंचं अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचन धरतात. हे विचित्र वाटतं. सवयीनं वाटेनासं होतं.

शिव्या घालाव्याशा वाटल्या तर एक आठवा: ज्याचं अरबी व्याकरण आजही मूळ ग्रंथ मानतात, तो आठव्या शतकातला बसऱ्याचा सीबवैह मूळचा इराणी होता. अरबी त्याच्याही घरातली भाषा नव्हती.

रोजचं गणित

वीस मिनिटं. त्यातली पाच कालच्या क्रियापदाची सहा रूपं न बघता मोठ्यानं म्हणण्यात, दहा एखादी खरी ओळ वाचण्यात, आणि उरलेली पाच त्या ओळीतलं अडलेलं क्रियापद पुस्तकात शोधून त्या पानावर पेन्सिलीनं तारीख टाकण्यात. ज्या पानावर चार तारखा जमल्या ते क्रियापद पाठ करायच्या लायकीचं. बाकीची पानं कोरी राहिली तरी चालतील. माझ्या पुस्तकात दोन वर्षांनी पेन्सिल लागलेली पानं साठ-सत्तरच आहेत, आणि माझं काम तेवढ्यावर चालतं.

खरी ओळ म्हणजे कशी? गेल्या हंगामात आलेला हा निरोप घ्या: ‘वसलत् सनादीक़ु-ल-मौज़. लम नस्तलिम् अल्-फ़ातूरा.’

‘मौज़’ म्हणजे केळी. सगळा ढीग मिळून एक शब्द, आणि एकच केळं असेल तर ‘मौज़ा’. ‘सनादीक़’ हे ‘संदूक’चं अनेकवचन, आपण पेटी म्हणतो. ‘वसलत्’चा शेवटचा ‘त्’ म्हणजे ‘ती’, कारण पेट्या ही वस्तू; उरलं व-स-ल. पेट्या पोचल्या. पुढे ‘लम’ दिसला की वर्तमानाचं रूप, अर्थ भूतकाळाचा, नकारी. ‘नस्तलिम्’मधला ‘न’ म्हणजे आम्ही. उरलं ‘स्तलिम’. मी तडक दहाव्या साच्यात गेलो, ‘इस्त’ दिसला म्हणून, आणि तीन अक्षरंच पुरेनात. दहावा म्हटलं तर स आणि त दोन्ही जातात, हाती फक्त ल-म. मग नीट बघितलं: ‘स’ मुळाचाच, ‘त’ मध्ये घुसलेला. स-ल-म, आठवा साचा, अखत्यारवाला. इस्तलम: ताब्यात मिळालं. ‘फ़ातूरा’ म्हणजे बिल.

पेट्या पोचल्या, बिल मिळालं नाही. शोधाशोधीत पाऊण तास गेला होता. बिल माझ्याच टेबलावर, चहाच्या कपाखाली होतं.